संगणकापुढे बसलेला कामगार

३० नोव्हेंबर २०२३ रोजी टाटा टेक्नॉलॉजीज या हिंजवडीच्या कंपनीच्या समभागांचे व्यवहार शेअर बाजारात प्रथमच सुरू झाले. पाचशे रुपयांना विकलेला समभाग बाराशे रुपयांवर उघडला. एका समभागामागे सातशे रुपयांची ही वाढ कोणाच्या श्रमांतून आली आणि कोणाच्या पदरात पडली, हा प्रश्न त्या दिवसाच्या कौतुकात हरवून गेला. तो विचारणे हे कामगार चळवळीचे काम आहे.

ही कंपनी कोणा एकट्या उद्योजकाच्या कर्तबगारीतून जन्मलेली नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करून रस्ते, वीज आणि पवनेचे पाणी यांची सोय करण्यात आली, आणि या सार्वजनिक पायावर टेल्कोने साठीच्या दशकात येथे बस्तान बसविले. तेथील टूलरूममध्ये आणि जुळणीच्या रांगेवर फिटर, टर्नर व अभियंते यांच्या दोन पिढ्यांनी वाहन घडविण्याचे ज्ञान साठविले. त्याच ज्ञानाच्या आधारावर १९८९ साली टेल्कोच्या पोटात या व्यवसायाचा आरंभ झाला. १९९४ साली त्याची स्वतंत्र कंपनी झाली. २००५ साली तिने इनकॅट ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली, २०१३ साली केंब्रिक ही अमेरिकन कंपनी. २०२४ साली बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीशी तिने भागीदारी केली. आज तिच्याकडे बारा हजारांहून अधिक माणसे काम करतात. गाडीचा सांगाडा पत्रा कापण्यापूर्वीच पडद्यावर घडविण्याचे आणि तपासण्याचे कौशल्य येथील तरुणांनी आत्मसात केले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद नव्हे.

परंतु १९८९ हे साल पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला दुसऱ्याच कारणासाठी आठवते. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी उपोषणास बसलेल्या टेल्कोच्या कामगारांना पोलिसांनी उचलून नेले आणि एक मोठा लढा मोडून काढण्यात आला. एकाच उद्योगात, एकाच वर्षी, नव्या धंद्याचे बीज पडले आणि जुन्या संघटनेचे बळ खचले. या दोहोंत कार्यकारणभाव होता असे आम्ही म्हणत नाही. पण नवा धंदा संघटनेच्या सावलीबाहेर वाढला, ही वस्तुस्थिती आहे.

आता समभागविक्रीचे गणित पाहू. विक्रीतून सुमारे ३,०४२ कोटी रुपये उभे राहिले. त्यात नवा समभाग एकही नव्हता. टाटा मोटर्स आणि दोन गुंतवणूक संस्था या जुन्या भागधारकांनीच आपल्याजवळचे समभाग विकले, त्यामुळे कंपनीच्या तिजोरीत त्यातला एक रुपयाही आला नाही. टाटा मोटर्सच्या भागधारकांसाठी एक दशांश समभाग राखीव होते. ज्या टूलरूमच्या कामगाराने हयात तेथे घालविली, त्याचा कामगार म्हणून कोठेच वाटा नव्हता. कागद धरणाऱ्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, घाम गाळणाऱ्याचा हक्क मात्र निवृत्तीच्या दिवशी संपतो.

आजच्या संगणक-अभियंत्याची स्थिती तरी काय आहे? जुलै २०२५ मध्ये टीसीएस या त्याच उद्योगसमूहातील कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर, माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कारखान्यात अशी कपात करावयाची तर एका मर्यादेपलीकडे सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही मर्यादा शंभर कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती तीनशेवर नेली. तथापि ही तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांपुरतीच आहे. सॉफ्टवेअरचे कार्यालय यांपैकी कशातच बसत नाही. उलट संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना देण्याचे बंधन त्याच संहितेने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केले आहे. कारखान्याला मिळणारे संरक्षण या अभियंत्याला नाही, बंधन मात्र आहे.

तरीही तो कायद्याच्या दृष्टीने अगदी निराधार नाही. तांत्रिक काम करणारा माणूस १९४७ च्या कायद्यातही कामगार होता, नव्या संहितेतही आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस अथवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. नव्या संहितेत पुनर्प्रशिक्षण निधीतून आणखी पंधरा दिवसांचे वेतन देण्याची तरतूद आहे. पण हे सारे कपात झाल्यास मिळते. म्हणूनच या धंद्यात माणसाला एका खोलीत बोलावून ‘स्वेच्छेने’ राजीनामा लिहून घेतला जातो. राजीनामा दिला की कपात झालीच नाही आणि देणेही उरले नाही. हजारो रुपयांचा हक्क एका सहीने बुडतो, तोही उत्तम शिकलेल्या माणसाचा.

‘हे पांढरपेशे स्वतःला कामगार समजतच नाहीत, त्यांच्यासाठी आपण का झिजावे?’ असा सवाल आपल्यातील काही कार्यकर्ते करतात. हा सवाल आम्हांला चुकीचा वाटतो. चाकणच्या कंत्राटी कामगाराचा मुलगा आज हिंजवडीत नोकरी करतो. कर्जाच्या हप्त्यांनी बांधलेला तो तरुण बापापेक्षा अधिक पगार घेत असेल, पण अधिक निर्भय नाही. संगणक-अभियंत्यांच्या संघटना पुण्यात उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांना शिकवणीची नव्हे, सोबतीची गरज आहे.

कार्यकर्त्यांनी दोन कामे तातडीने हाती घ्यावीत. पहिले, वाकड, चिंचवड आणि निगडीच्या वसाहतींत कायदेविषयक मदतकेंद्रे चालवावीत आणि ‘राजीनाम्यावर सही करू नका, लेखी नोटीस मागा’ हा एकच निरोप घरोघर पोहोचवावा. दुसरे, मोठ्या कार्यालयांतील कपातीलाही पूर्वपरवानगीची अट लागू व्हावी, ही मागणी कारखान्यातील संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावी. फिटर आणि अभियंता एकाच गाडीसाठी राबतात. त्यांची संघटना वेगवेगळी राहिली, तर उद्या दोघेही एकेकटे गाठले जातील.