गाडी मागून उंचच असू द्या

दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलतभावाने त्याची सेकंडहँड स्कॉर्पिओ दाखवली. घाटनांदूर स्टेशनबाहेर गाडी आडवी लावून, फोन जमिनीलगत धरून त्याने दहा-बारा फोटो काढले. "दादा, बघ की. आता कशी एका लाइनीत बसली. आधी मागून लई उचलल्यावानी दिसायची." मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून आणला होता. मागची बाजू साधारण चार सेंटिमीटर खाली आली होती. गाडी छान दिसत होती, हे आधीच कबूल करतो. मीही त्या रीलला लाइक दिला होता.

आता वाद घालतो.

बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो की पिकअप, रिकामी असताना अशा गाड्या मागून थोड्या उंच असतात. ती कंपनीची चूक नसते. वजन वाढतं ते मुख्यतः मागे. इंजिन पुढे आहे ते तिथेच राहतं. माणसं, पिशव्या, धान्याची पोती, देवाला जाताना घेतलेला स्वयंपाक, सगळं मागच्या चाकांवर येतं. म्हणून मागची बाजू आधीच वर ठेवलेली असते. गाडी भरली की ती खाली येते आणि सपाट होते. म्हणजे तुम्हाला हवी ती लेव्हल गाडीत आहेच, फक्त माणसं बसल्यावर दिसते. तो उंचवटा माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. तो आपण कापतो, कारण आपल्याला रिकामी गाडी सुंदर हवी असते.

हे कळायला माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीची गरज नाही. आमचे आबा बैलगाडी भरताना आधी विचारायचे, "उलाळ तर होत न्हाई ना?" मागे जास्त वजन पडलं की गाडी मागे कलते, पुढे जू वर उचलतं आणि बैलाचा गळा आवळतो. ती उलाळ. गाडी भरायची कशी, हे पोरालाही माहीत असायचं. आपण गॅरेजमध्ये पैसे मोजून गाडी उलाळ करून आणतो.

जू उचललं तर बैल अडतो. इथे उचलले जातात हेडलाइट. साधा हिशोब करू. स्कॉर्पिओच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २.७ मीटर. मागची बाजू चार सेंटिमीटर खाली गेली, की दिव्याचा झोत दर मीटरला जवळपास दीड सेंटिमीटर वर जातो. चाळीस मीटरवर साठ सेंटिमीटर. लो बीम मुळात दर मीटरला साधारण एक-दीड सेंटिमीटर खाली झुकवलेला असतो. म्हणजे तो झुकाव रिकाम्या गाडीतच संपला. त्यात सात माणसं बसली की लो बीमचा हाय बीम झाला. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला आकडे लिहिलेलं एक छोटं चाक असतं. मागे वजन असताना दिवे खाली करण्यासाठी ते दिलेलं असतं. तुम्ही ते शेवटचं कधी फिरवलं होतं?

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी रात्री तात्यांना श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. आम्ही सात जण त्याच गाडीतून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. उजेड रस्त्यावर कमी आणि बाभळींच्या शेंड्यांवर जास्त पडत होता. समोरून आलेला एक मोटारसायकलवाला डोळ्यांवर हात धरून कडेला थांबला. मग अचानक पुढ्यात ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. भावाने करकचून ब्रेक दाबला, कशीबशी थांबली गाडी. ट्रॉलीत ऊस नव्हता. माणसं होती. बीडमधून दरवर्षी याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात, ती माणसं. भांडी, सरपण, गोधड्या आणि गोधड्यांत झोपलेली पोरं.

काही झालं नाही. तात्या बरे आहेत. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता ही चूक खरीच. पण त्या ट्रॉलीवाल्याकडे दिव्याला पैसे नव्हते किंवा मुकादमाला पर्वा नव्हती. आमच्याकडे चांगले दिवे होते. ते आम्ही पैसे देऊन आकाशाकडे वळवले होते.

"माझी गाडी, माझे पैसे." बरोबर. पण उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो, तो तुमचा नाही.

"खाली आणली की गाडी रस्त्याला धरून चालते." अर्धं खरं आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. पण त्यासाठी चारही स्प्रिंगा आणि शॉकअप एकमेकांना जुळणारे बसवावे लागतात. कटरने नुसत्या मागच्या स्प्रिंगा कापून ते होत नाही. कापलेलं टोक नीट बसत नाही, गॅसने तापवलं असेल तर पोलादाचा कस जातो, आणि दणका सोसायची जागा कमी होऊन अ‍ॅक्सल थेट रबरावर आदळतो. स्पीडब्रेकर कसा असावा याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा नमुना आहे: १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब. आपल्या गावातले ब्रेकर आठवा.

कायदाही आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण दंडाच्या भीतीने आपण कधी काही सोडलंय का?

मला राग गाडीचा नाही, रिकाम्या गाडीवरच्या प्रेमाचा आहे. माझ्या धंद्यातही हेच चालतं. रिकाम्या सर्व्हरवर डेमो दाखवून आम्ही टाळ्या घेतो, खरी माणसं आली की सगळं कोसळतं. गावातली एसयूव्ही एकट्याची नसते. ती बाळंतिणीला नेते, वऱ्हाड नेते, परळीला वैजनाथाच्या दर्शनाला नेते. असली गाडी आपण अशी सजवतो, की तिच्यात माणसं बसली तर ती बिघडते.

कापलेला वेढा परत जोडता येत नाही. भावाने नव्या स्प्रिंगा घेतल्या. कुरकुरत घेतल्या, पण घेतल्या. गाडी पुन्हा मागून उंच झाली. फोटो बिघडला म्हणतो. त्याला सांगितलं, फोटो काढायचाच असेल तर तात्यांना, काकूला, पोरांना, सगळ्यांना आत बसव आणि मग काढ. तेव्हा गाडी आपोआप लेव्हलला येते.