पूर्वग्रह कोणाला नसतो?

आपल्या परंपरेविषयी लिहिणारे काही विद्वान स्वतःस वस्तुनिष्ठ म्हणवितात आणि श्रद्धेने वाचणाऱ्यास पूर्वग्रहदूषित ठरवितात. ही विभागणी कितपत टिकते, याचे उत्तर पाश्चात्त्यांच्याच अर्थनिर्णयशास्त्रात, म्हणजे 'हर्मेन्यूटिक्स'मध्ये सापडते.

हे शास्त्र तेथे प्रामुख्याने बायबलच्या वाचनातून वाढले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने चर्चच्या अधिकारापेक्षा ग्रंथास प्रमाण मानले. मग ग्रंथाचा अर्थ लावावा कसा, हा प्रश्न निकडीचा झाला. श्लायरमाखर (१७६८-१८३४) यांनी त्यास सर्व लेखनासाठी सामान्य रूप दिले. भाषेच्या ज्ञानाइतकाच लेखकाच्या मनाचा ठाव त्यांना आवश्यक वाटला. निसर्गाचा कार्यकारणभाव सांगता येतो, मानवी जीवन मात्र आतून समजून घ्यावे लागते, असे डिल्टाय (१८३३-१९११) यांनी प्रतिपादिले. हायडेगर यांनी १९२७ मध्ये 'समजणे' हे मानवी अस्तित्वाचेच मूलभूत अंग ठरविले. त्यांचे शिष्य गाडामर यांनी १९६० मध्ये 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात पुढचे पाऊल टाकले. पूर्वग्रहाशिवाय आकलन होतच नाही. सारे पूर्वग्रह टाकून देता येतात, ही अठराव्या शतकातील बुद्धिवादाची समजूत हाच एक पूर्वग्रह होय!

या प्रकाशात जेम्स मिल पाहावा. भारतात पाऊल न ठेवता, येथील भाषा न शिकता त्याने १८१७ मध्ये भारताचा इतिहास प्रसिद्ध केला आणि या दूरत्वालाच निःपक्षपातीपणाचे साधन मानले. कंपनीचे भावी अधिकारी हाच ग्रंथ अभ्यासून येथे येत.

मग ज्याला जे वाटेल तो अर्थ खरा मानावा काय? मुळीच नाही. आपला पूर्वग्रह ओळखून तो ग्रंथापुढे पणास लावावा, हे गाडामर यांचे सांगणे आहे. आपल्याकडेही मीमांसकांनी उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या तात्पर्यनिर्णयाच्या कसोट्या सांगितल्या. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त त्याच लावून पूर्वाचार्यांच्या सांप्रदायिक अर्थांचीही निर्भयपणे परीक्षा केली. त्यात श्रद्धा होती आणि शिस्तही होती.

ही कसोटी आपणांसही चुकत नाही. ग्रंथ न उघडता त्याचा अभिमान मिरविणारा आणि देश न पाहता त्याचा इतिहास लिहिणारा, या दोघांत फारसे अंतर नाही. मिलला उत्तर द्यावयाचे तर घोषणा पुरणार नाहीत. मूळ ग्रंथच उघडावे लागतील.