बेसवाल्याची बाजू

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. खरं तर विषय दुसराच डोक्यात होता, पण गेल्या रविवारी भाचा घरी आला आणि माझं डोकं फिरलं.

पोरगा अकरावीत. कॉलेजातल्या पाच जणांनी मिळून बँड काढलाय. याने वर्षभर गिटारचा क्लास केला, बोटांना घट्टे पाडून घेतले, आणि आता बाकीचे म्हणतात, "तू बेस वाजव." का? तर दुसरा एक जण याच्यापेक्षा फास्ट वाजवतो. स्वारी तोंड पाडून बसलेली. त्यावर आमच्या ताईसाहेब (वाचते आहेस ना ताई?) म्हणाल्या, "जाऊ दे रे, निदान बँडमध्ये घेतलं तरी ना!"

म्हणजे गल्ली क्रिकेटमध्ये ज्याला बॅटिंग येत नाही त्याला अंपायर करतात, तसं. या वाक्याला माझा जाहीर विरोध आहे. तेव्हा प्रेमाने समजावून सांगण्याऐवजी इथे भांडतोच.

पहिला मुद्दा. "बेस ऐकूच येत नाही." अहो, कुठून येईल? बेसच्या चार तारा. सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. वरच्या स्वरांवरून आपला मेंदूच खालचा स्वर ओळखून घेतो. दोष स्पीकरचा, आणि शिक्षा वाजवणाऱ्याला! बरा हेडफोन लावा आणि मग बोला.

दुसरा मुद्दा. "बेसला करायचं काय असतं?" एक साधा प्रयोग. घरात पेटी असेल तर सा-ग-प एकदम दाबा. छान, प्रसन्न वाटतं. आता तेच तीन स्वर धरून ठेवा आणि खालच्या सप्तकातला ध दाबा. झालं की नाही उदास? गिटारवाल्याने बोटसुद्धा हलवलं नाही, पण गाण्याचा चेहरा बदलला. तो कोणी बदलला? मागे खांबासारख्या उभ्या असलेल्या त्या माणसाने. वर ड्रमच्या ठोक्याला स्वर चिकटवायचं कामही त्याचंच.

इतपत अज्ञान असेल तर हरकत नाही. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा माणूस होता. उजव्या हाताच्या एका बोटाने बेस वाजवायचा. साठच्या दशकात टेम्पटेशन्स, सुप्रीम्स, फोर टॉप्स यांच्या कितीतरी गाण्यांचा पाया याने घातला. 'माय गर्ल' ज्या दोन-तीन स्वरांवर सुरू होतं ते याचेच. पण कंपनी रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसे. मार्व्हिन गेच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर त्याचं नाव आलं, तोवर दशक उलटून गेलं होतं. १९८३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली २००० साली. माणूस जाऊन सतरा वर्षं झाल्यावर!

दुसरा किस्सा हर्बी फ्लॉवर्सचा. १९७२ मध्ये लंडनच्या स्टुडिओत लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'साठी त्याने उभा डबल बेस वाजवला, आणि त्यावर इलेक्ट्रिक बेसचा दुसरा थर चढवला. तो घसरत जाणारा तुकडा म्हणजेच ते गाणं, दुसरी ओळख नाही त्याला. याला काय मिळालं? सेशनची ठरलेली फी, आणि दोन वाद्यं वाजवली म्हणून दुप्पट. बस्स. १९९० मध्ये 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'ने नेमका तोच तुकडा उचलून 'कॅन आय किक इट?' केलं. त्याची रॉयल्टी लू रीडला. कारण काय, तर चाल आणि शब्द ज्याचे त्याचं गाणं, आणि बेस म्हणजे "साथ". ज्या तुकड्यासाठी दुसऱ्यांनी गाणं उचललं, तो तुकडा सुचलेल्या माणसाचा गाण्यावर हक्क नाही. हा कुठला न्याय?

बरं, सेशनवाल्यांचं सोडा. बँडमधल्या माणसाचं तरी काय होतं? लेड झेपलिनचा जॉन पॉल जोन्स. बेस, कीबोर्ड सगळं सांभाळणारा. १९९४ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट पुन्हा एकत्र आले, पण याला विचारलंसुद्धा नाही. अल्बमला नाव दिलं 'नो क्वार्टर', म्हणजे ज्या गाण्यात याचा मोठा वाटा होता तेच! पुढच्या वर्षी हॉल ऑफ फेमच्या मंचावर या गृहस्थाने, आपला फोन नंबर आठवल्याबद्दल मित्रांचे आभार मानले. वाद घातला नाही. बेसवालेच ते, खालच्या पट्टीतच बोलणार :)

मेटालिकाचं तर विचारूच नका. क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' लावून बघा. बेस शोधून दाखवा, माझ्याकडून मिसळ. नावात जस्टिस!

आता कोणी म्हणेल, मॅकार्टनी आणि स्टिंग नाहीत का प्रसिद्ध? आहेत की. पण ते गातात म्हणून. बीटल्समध्येही १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला तेव्हा बेस कोणालाच नको होता, तो पॉलच्या गळ्यात पडला. पुढे त्याचं त्याने काय केलं ते जगाला माहीत आहे.

आणि पाचगणी. फ्रेडी मर्क्युरीची शाळा म्हणून सेंट पीटर्सकडे बोट दाखवत आपण फिरतो. दाखवावं, अभिमान आहेच. पण क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिलं कोणी? फ्रेडीने नाही. जॉन डीकनने, म्हणजे बेसवाल्याने. १९८० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. हे नाव गाडीतल्या कितीजणांना माहीत असतं? मी विचारून पाहिलंय. शून्य.

एक मात्र कबूल. गाणारा पुढे उभा राहणार, टाळ्या त्यालाच मिळणार. त्याबद्दल तक्रार नाही. बँडमधला प्रत्येक जण पुढे आला तर मागे कोण राहणार? २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमने कॅरल के या नव्वदीच्या बेसवालीला बोलावलं, तर बाईंनी सरळ नकार दिला. स्टुडिओतल्या वादकांनी जे काम केलं, ते या सन्मानात दिसत नाही म्हणून. टाळ्यांचा हव्यास नसतो या लोकांना. नाव छापा, पैसे द्या, आणि "निदान घेतलं तरी ना" असं म्हणू नका. एवढंच.

असो. भाच्याला रविवारी माझे हेडफोन लावून 'माय गर्ल' ऐकवलं. मग मघाचा पेटीचा प्रयोग करायला लावला. ध दाबला आणि गडी गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, म्हणजे मी चुकलो तर सगळेच चुकल्यासारखे वाटणार?"

हो रे बाबा. म्हणून तर तुला दिलाय, असं समज. ज्यांनी दिला त्यांना हे ठाऊक नसलं तरी.

ता.क. : ताई, बेसला अँप वेगळा लागतो. बजेट वाढवून ठेव.