मुकादम दिसत नाही

भिवंडीच्या यंत्रमागांवर मजुरी मीटरवर मिळे. कापडात खोट निघाली की पैसे कापले जात. पण ते कोणी कापले हे कारीगराला ठाऊक असे. पगाराच्या दिवशी हिशेब ठेवणाऱ्या मेहताजीशी दोन शब्द वाजवता येत, चार आणे सोडवूनही घेता येत.

भिवंडीजवळच्या माणकोली, वळ, काल्हेरच्या मोठ्या गोदामांत ही सोय संपत चालली आहे. कामगाराच्या हातात स्कॅनर असतो. खोका उचलला, बीप. पुढचा उचलला, बीप. मधले सेकंद मोजले जातात; पाणी प्यायला गेलेली दोन मिनिटेही त्यातच. उद्याचे टार्गेट किती आणि कोण मागे पडतो, हे संगणक ठरवू लागला की सुपरवायझरकडे एकच उत्तर उरते : सिस्टीममध्ये तसंच दिसतंय. कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकऱ्या जातील का, यावर परिसंवाद झडतात. इथे नोकरी आहे, भांडायला माणूस नाही.

महाराष्ट्राने हा पेच पूर्वी सोडवला आहे. पोती वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण? व्यापारी, टोळीवाला की ट्रकवाला? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969चा माथाडी कायदा आला आणि नोंदणी, मजुरी, लेव्ही यांची जबाबदारी मंडळांवर आली. (माथाडीच्या नावाने पुढे खंडणीही उकळली गेली, तो दोष कायद्याचा कमी, डोळे मिटणाऱ्यांचा जास्त.) उलट 1982च्या मुंबईतील गिरणी संपानंतर गिरण्यांचे काम भिवंडीच्या मागांवर आले, गिरणी कामगाराचे हक्क मात्र आले नाहीत. एका छपराखालचे माग चार नावांवर दाखवून फॅक्टरी कायदा चुकवला गेला, आणि सरकारने ते चालू दिले.

कॅलिफोर्नियाने 2021मध्येच गोदामांसाठी कायदा केला : टार्गेट लेखी द्या, आणि शौचालयाला जाण्याची सवड हिरावणारे टार्गेट लावू नका. आपल्या राज्याने 2025मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरण आखले, त्यासाठी 500 कोटी रुपये ठेवले. तीच तत्परता गोदामांसाठी दाखवावी. टार्गेट मराठी, हिंदी, तेलुगूत लिहून द्यावे. कामावरून काढताना कारण सांगणारा, नाव-हुद्दा असलेला अधिकारी समोर हवा. आणि स्कॅनर सेकंदासेकंदाची नोंद ठेवतोच आहे, तर ती कामगार निरीक्षकाला आणि त्या कामगारालाही पाहता आली पाहिजे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही.