चाकाचा नट सुटत नाही तेव्हा

आम्ही आयुष्यभर खतावणीत डोके घातलेला माणूस. पाना-हातोड्याशी आमचा संबंध तो काय? पण मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवशी तो आला. त्यातून जे शिकलो ते घरोघरी कळावे, म्हणून आजचा हा लेख.

परीक्षेचे केंद्र वीस किलोमीटरवर. भाच्याने आपली जुनी मारुती काढली. निम्म्या वाटेत मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. भाच्याने गाडी उचलली आणि चारपैकी तीन नट काढले. चौथा काही हलेना. जोर लावला की चाकच फिरे, गाडी जॅकवर डुले. मुलगी घड्याळ पाहत होती आणि आम्ही नुसते उभे होतो.

तेवढ्यात एक ट्रकवाले थांबले. म्हणाले, "काका, नट आधी जमिनीवर ढिले करायचे, मग गाडी उचलायची. तीन नट हाताने परत बसवा आणि गाडी खाली घ्या." हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, समोरच्या चाकाला दगड लावला. मग त्यांनी नटावर गंज सोडवणारे तेल मारले, हातोडीने नटाच्या तोंडावर हलके ठोके दिले आणि पंधरा मिनिटे थांबायला लावले. ती पंधरा मिनिटे आम्हांस पंधरा तासांसारखी वाटली! शेवटी पान्याच्या दांडीत लोखंडी पाइप घातला. 'कट्‌' असा आवाज झाला आणि नट सुटला. घंटेला पाच मिनिटे असताना मुलगी वर्गात बसली.

यात जादू काही नाही. लोखंडाला पाणी व हवा लागली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. दुसरे कारण, टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट बेसुमार आवळतात. पाइपाचे गणित तर शाळेतलेच. 25 सेंटिमीटरच्या पान्यावर 40 किलोचा भार देऊन जो पीळ मिळतो, तोच 1 मीटर लांबीवर 10 किलोत मिळतो. पान्याची दांडी डावीकडे आडवी ठेवून खाली दाबावी, म्हणजे नट उलटा फिरतो. मात्र झटके देऊ नयेत. पाना निसटला तर हात फुटतो, बोल्ट तुटला तर खर्च वाढतो.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पाना नटाच्या मापाचाच आणि पूर्ण आत बसलेला हवा. सैल पान्याने नटाचे कोपरे झिजतात आणि मग पकडच राहत नाही. असा गुळगुळीत नट गॅरेजवाल्याकडेच काढून घ्यावा. टायर चढलेल्या चाकाला जाळ कधीही लावू नये, टायर फुटून जीव जाऊ शकतो. तेल ब्रेकवर उडू देऊ नये. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये.

चाक बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा आवळा गाडी जमिनीवर आल्यावर द्यावा. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावे. पावसाळा संपला की एका रविवारी सगळे नट ढिले करून परत आवळावेत, म्हणजे ऐनवेळी फजिती होत नाही.

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी आम्ही भाच्याची गाडी दारात उभी केली. पाना मुलीच्या हाती दिला. तिने चारही नट एकटीने सोडले आणि परत आवळले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोरीच्या जातीला हे कशाला?" आम्ही म्हटले, "आजी, रस्त्यात चाक बसते तेव्हा ते मुलगा की मुलगी, असे विचारत नाही."