तीन नंबर म्हणजे नेमके किती?

घरी मशीन मारून बिघडवलेला फेड दुरुस्तीला दुकानात येतो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातापेक्षा आकड्याचीच चूक जास्त असते. गेल्या काही महिन्यांत वाचकांच्या पत्रांत हीच तक्रार आहे: पोरे व्हिडिओ बघून घरीच साइड मारतात, डोक्यावर पट्टे पाडून घेतात आणि रविवारी ऐन गर्दीत टोपी घालून दुकानात येतात. कारागिरांचा संताप समजण्यासारखा आहे. पण पत्रांतल्या हकिगती नीट वाचल्या तर निम्मा दोष दुकानाच्या खुर्चीपाशीच येऊन थांबतो. ‘मागच्या खेपेला तुम्हीच तीन नंबर मारला होता, मी घरी तीनच लावला,’ असे गिऱ्हाईक म्हणते, आणि ते खरे असते.

व्यावसायिक क्लिपरच्या गार्डांचे क्रमांक इंचाच्या आठव्या भागावर बेतलेले आहेत. १ नंबर म्हणजे ढोबळमानाने ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. ८ नंबरला पूर्ण इंच भरतो, म्हणजे २५ मिलिमीटर. अमेरिकी क्लिपर-कंपन्यांची ही पद्धत जगभरच्या दुकानांत रूढ झाली, आपल्याकडेही तशीच आली. घरगुती ट्रिमर मात्र बहुधा थेट मिलिमीटरवर चालतो. त्याच्या चकतीवरचा ३ म्हणजे दुकानातला १ नंबर. दुकानात ऐकलेला ‘तीन’ घरी चकतीवर लावला की १० मिलिमीटरच्या जागी ३ उरतात आणि काळ्या केसांतून कातडी दिसू लागते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. गेलेले ७ मिलिमीटर भरून यायला तीन आठवडे लागतात, आणि ते त्याआधी भरून देणारा कारागीर अजून जन्मला नाही. वर आणखी गोंधळ असा की काही यंत्रांवर मिलिमीटर छापलेलेच नसतात, नुसते पायऱ्यांचे आकडे असतात. क्लिपरसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-सुरक्षा मानकांत, आयईसी ६०३३५ मध्ये, स्वतंत्र भाग आहे. पण त्याचा विषय वापरणाऱ्याला धोका होऊ नये एवढाच. गार्डवरच्या आकड्याशी त्याला कर्तव्य नाही.

ही यंत्रे अनेक घरांत शिरली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली. महाराष्ट्रात २८ जूनपासून सलून उघडायला परवानगी मिळाली, पण ती केस कापण्यासारख्या ठरावीक कामांपुरती, दाढीला मनाई. कटिंग करताना कारागीर गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून उभा असतोच. तरीही विषाणू कल्ल्यापर्यंत येत नाही आणि कल्ल्याखाली उतरला की चावतो, अशी आदेश काढणाऱ्यांची खात्री असावी. एप्रिल २०२१ मध्ये शटर पुन्हा खाली आले. तेवढ्या काळात बाप मुलाचे आणि भाऊ भावाचे केस कापायला शिकला. ती मशीन आता माळ्यावर जाणार नाहीत, हे धंद्याने एकदाचे मान्य करावे.

मग घरी मशीन चालवणाऱ्याला दुकानाने सांगायचे काय? पहिली गोष्ट क्रमाची. कारागीर खाली गाइडलाइन टाकून वर चढतो, कारण ती रेघ पुसण्याचा हात त्याच्याकडे असतो. नवशिक्याने खाली झिरोची रेघ मारली की ती पुसता पुसता तो वर सरकतो. दुसरी बाजू बरोबरीला आणायला आणखी वर जातो, आणि लो फेड म्हणून सुरू केलेली कटिंग डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखी दिसू लागते. त्याने उलटे जावे, मोठ्या गार्डकडून लहानाकडे. आधी बाजू आणि मागचा भाग १३ मिलिमीटरवर एकसारखा करावा. मग कानाच्या वर तीन बोटांपर्यंत १०, त्याखाली एक बोटभर ६, आणि तिथेच हात थांबवावा. सहाच्या खालचे काम, लिव्हर उघडी-मिटती ठेवून एकेक छटा विरवण्याचे, दुकानाचे आहे, आणि गिऱ्हाइकाला ते तसेच स्पष्ट सांगावे.

कवटी जिथे वर आत वळते तिथे मशीन तिला चिकटवून नेऊ नये, सरळ वर बाहेर काढावे. घरी पडणारे बहुतेक पट्टे या एका चुकीचे असतात. भोवऱ्याभोवती केस उभे राहतात, म्हणून तिथे बाजूपेक्षा एक गार्ड मोठा लावावा. कान पुढे दुमडून त्यामागचा खळगा साफ केला नाही तर तिथे हटकून झुपका राहतो. केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत. तेल लावलेल्या डोक्यावर गार्डचे दाते तुंबतात आणि एकाच जागी चार वेळा फिरवावे लागते. गार्ड दोन्ही बाजूंनी खटकन बसला का, हे बोटाने दाबून पाहावे. अर्धवट बसलेला गार्ड निसटला की उघडे ब्लेड कातडीपर्यंत जाते, त्यावर उपाय नाही. मानेवरची रेघ दोन आरशांशिवाय मारू नये. वरचे केस, क्रॉप असो वा क्विफ, कात्रीचे काम आहे. घरी त्यांना फक्त बसवावे. मॅट क्ले बोटाच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा, तळहातांवर चोळून कोरड्या केसांच्या मुळापासून लावावा.

तेलाबद्दल दुकानांनाही सांगण्याची वेळ आली आहे. ब्लेडला खोबरेल घालण्याची सवय घरांत आहे, आणि पुष्कळ दुकानांतही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते. डिसेंबरात नाशिक-पुण्याला सकाळची पहिली कटिंग केस ओढते, कारागीर धार गेली म्हणून ब्लेड बदलतो, आणि दोष असतो थिजलेल्या तेलाचा. क्लिपरचे तेल नसेल तर शिवणयंत्राचे पातळ तेल चालते: मशीन चालू ठेवून दात्यांवर दोन-तीन थेंब, मग फडक्याने पुसून घ्यावे. घरात एकच मशीन सगळ्यांच्या डोक्यावरून फिरत असेल तर नायटाही सगळ्यांत फिरतो. गार्ड साबणाने धुवावा आणि ब्लेड ७० टक्के अल्कोहोलने पुसावे.

दुरुस्तीचा हिशेब मात्र कारागिरांनी स्वतः बिघडवला आहे. पडलेली रेघ विरवायला नव्या फेडपेक्षा जास्त वेळ जातो. तरी बहुतेक दुकाने साध्या कटिंगचेच पैसे घेतात आणि वरून टोमणे मारतात. काम स्वस्तात आणि टोमणे फुकट, असा हा व्यवहार. भावफलकावर दुरुस्तीचा दर वेगळा लिहावा. ३ आणि ६ मिलिमीटरच्या मधली रेघ दीड नंबरने आणि लिव्हरने निघते. कानाच्या बऱ्याच वर पांढरी जागा पडली असेल तर दोनच मार्ग उरतात: सगळी बाजू तिच्या बरोबरीला उतरवून हाय फेड करणे, नाहीतर तीन आठवडे थांबणे. मशीन उचलण्यापूर्वी हे आरशात दाखवावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

संघटनेच्या काही सभासदांचे म्हणणे निराळेच आहे. घरगुती क्लिपरच्या जाहिरातींवर बंदी आणावी, असे निवेदन तहसीलदारांना द्यावे म्हणे. तहसीलदारांनी घराघरांतली मशीन जप्त करायची काय? निवेदन देताना फोटो निघतो, गल्ल्यात काही पडत नाही. हेच सभासद गिऱ्हाइकाला आकडा सांगत नाहीत, धंद्याचे गुपित म्हणून. गुपित आकड्यात असते तर चकतीवरचे आकडे वाचणारा प्रत्येक जण कारागीर झाला असता.

तेव्हा येत्या साप्ताहिक सुट्टीला प्रत्येक दुकानदाराने एवढे करावे: प्रत्येक गार्डवर पक्क्या मार्करने मिलिमीटर लिहावेत, हाताखालच्या पोरांकडून ते तोंडपाठ करून घ्यावेत, आणि कटिंग झाल्यावर गिऱ्हाइकाला ‘तीन नंबर’ न सांगता ‘बाजूला १०, कानापाशी ३ मिलिमीटर’ असे कागदावर किंवा मोबाईलवर लिहून द्यावे. क्रमांक आणि मिलिमीटर यांचा तक्ता या अंकाच्या मधल्या पानावर मोठ्या टाइपात छापला आहे. तो कापून आरशाशेजारी चिकटवावा, गिऱ्हाइकाला खुर्चीतून वाचता येईल असा.