सातबारा म्हणजे मालकीची सनद नव्हे

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे कारखान्यांची रांग भोसरी व तळवडे ओलांडून चाकण-महाळुंग्यापर्यंत पोहोचली. ह्या अवधीत हवेली, मावळ व खेड ह्या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांची जमीन गेली आणि तिच्या मोबदल्याची रोकड घरात आली. ती रोकड पुन्हा जमिनीतच घालावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कसण्यासाठी शेत घेणे निराळे, आणि भाव वाढेल ह्या आशेने प्लॉट घेणे निराळे. शेतात एका सालाचे पीक बुडते. फसव्या प्लॉटात वडिलार्जित जमिनीचे सबंध मोल एका सहीने बुडते.

ह्या बुडण्याचे मूळ बहुधा एका गैरसमजुतीत असते. सातबाऱ्यावर विकणाराचे नाव आहे, म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे लोक मानतात. महसुली दप्तरात आमचे आयुष्य गेले, म्हणून आम्ही हे निःशंकपणे सांगतो की सातबारा ही मालकीची सनद नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी धरावयाची असते. मालकी उत्पन्न होते ती खरेदीखताने, वारशाने, वाटपाने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. फेरफार तिच्या मागून येतो. खरेदीखत नोंदणारा दुय्यम निबंधकही विकणारा खरा मालक आहे अशी हमी देत नाही. ती चौकशी सर्वस्वी घेणाराच्या शिरावर असते.

सबब चालू उताऱ्यावर संतोष न मानता निदान तीस वर्षांचे जुने उतारे, फेरफार व नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोन पाहावी. ‘इतर हक्क’ हा रकाना तर शब्दशः वाचावा. कुळकायद्याने मिळालेली जमीन, वतनाची जमीन, भोगवटादार वर्ग दोन, पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा, बँकेचा वा सोसायटीचा बोजा, ह्यांपैकी एक ओळही सौदा अडविण्यास पुरेशी आहे. तसेच २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, व सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केले. भावांनी विकलेल्या जमिनीवर बहिणींची संमती नसेल, तर पुढे दावा उभा राहतो. आणि केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हा त्याच न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे.

इतके सारे निर्दोष असले तरी काही गोष्टी सातबाऱ्यावर दिसतच नाहीत. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर, मे २०२५ मध्ये महानगरपालिकेने पाडले. घरे पुरी झाली होती, त्यांत संसार मांडले होते. नदीची रेषा मात्र त्याहून बलवत्तर ठरली. देहूरोड व दिघी येथील लष्करी कोठारांभोवतीच्या रेड झोनमधील जमिनींनाही बांधकामाचे असेच निर्बंध आहेत. सबब विकास आराखडा व पूररेषेचा नकाशा पाहिल्यावाचून विसार देऊ नये. गुंठ्यांच्या व्यवहारास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा लागू होतो. त्यात अलीकडे वरचेवर बदल झाले असल्याने, आपल्या गटापुरते उत्तर तहसील कचेरीतून लेखी घ्यावे.

आता पैशाची गोष्ट. चाकण-खेड भागात विमानतळ होणार, ही वार्ता कित्येक वर्षे चालली आणि २०१६ साली तो पुरंदरकडे नेण्याचे ठरले. ज्यांनी त्या वार्तेचीच किंमत मोजली होती, त्यांच्या हाती जमीन राहिली, पण वार्ता गेली. कर्ज काढून अशा आशेवर पैसे लावणे म्हणजे व्याज निश्चित व नफा अनिश्चित. प्लॉट पाडून विकणाऱ्या योजनेचे क्षेत्र पाचशे चौरस मीटरांहून अधिक असल्यास महारेराची नोंदणी आवश्यक आहे, ती पडताळावी. अशा योजनेत नोंदणीकृत कराराआधी एकदशांशाहून अधिक रक्कम घेण्यास विकसकास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

कोणी म्हणेल, इतकी चौकशी करीत बसलो तर सौदा दुसराच घेऊन जाईल. आमचे उत्तर असे की, ज्या सौद्यास महिनाभराची चौकशी सोसत नाही, तो दुसऱ्याने नेला तर उपकारच झाले. मोजणी व वकिलाची फी हा खर्च जमिनीच्या किमतीपुढे अल्प आहे.

ह्यात आपल्या संस्थेसही कर्तव्य आहे. बी-बियाणे पारखून देण्याप्रमाणेच सभासदांचे कागद पारखून देण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, पूररेषेचे व रेड झोनचे नकाशे तेथे ठेवावेत, आणि ह्या निर्बंधांची नोंद ‘इतर हक्कां’त करावी अशी मागणी संस्थेने शासनाकडे करावी. आमच्या बांधवांपाशी विकण्यास दुसरी जमीन आता फारशी उरलेली नाही. हाती आलेला पैसा हीच त्यांची शेवटची शेती होय. तिला कुंपण घालण्याचे काम विकत घेण्यापूर्वीच झाले पाहिजे.